साथ जात बघत नाही. मग आपलीच माणसे जास्त का जातात?



२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा एक वाक्य रोज कानावर पडत होते: विषाणू जात बघत नाही, धर्म बघत नाही, गरीब-श्रीमंत बघत नाही. विज्ञान म्हणून हे खरे आहे. विषाणूला डोळे नसतात. पण माणूस कुठे राहतो, कोणते काम करतो, किती जणांबरोबर एका खोलीत झोपतो आणि आजारी पडल्यावर किती दिवसांनी डॉक्टरसमोर उभा राहतो, हे आपल्या देशात जात ठरवत आली आहे. म्हणून साथ सगळ्यांवर येते, पण तिचे ओझे सगळ्यांच्या खांद्यावर सारखे पडत नाही.

या पानावर आपण एरवी साखर, रक्तदाब, बाळंतपण, लसीकरण यांची माहिती घेतो. या वेळचा धडा थोडा वेगळा आहे. साथीत आपल्या वस्त्यांचे जास्त नुकसान का होते, त्याचा पुरावा काय, आणि पुढची साथ येण्याआधी आपण काय तयारी ठेवायची, हे समजून घेऊ. सुरुवात हडपसरपासूनच करू, कारण या धड्याचे पहिले पान इथेच लिहिले गेले आहे.

१८९७: ससाणे मळ्यातला दवाखाना

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्चमध्ये रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांकडून घराघरांची झडती सुरू झाली. लोक इतके घाबरले की आजारी माणूस लपवू लागले. सधन समाजांनी मुंबई-पुण्यात आपापल्या लोकांसाठी प्लेगची वेगळी इस्पितळे उभी केली. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसासाठी असे इस्पितळ कोण काढणार?

ते सावित्रीमाईंनी काढले. जोतिरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती, माईंचे वय सहासष्ट होते. डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. माई स्वतः रुग्ण आणायला जात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ही गोष्ट आपण दर वर्षी ३ जानेवारीला आणि १० मार्चला सांगतो, हार घालतो. आरोग्याचे काम करणाऱ्यांनी तिच्यातून दोन गोष्टी शिकाव्यात असे आम्हाला वाटते. पहिली, जिथे सोजिराची भीती होती तिथे लोकांनी रुग्ण लपवले आणि जिथे मायेचे माणूस आले तिथे रुग्ण सोपवले. दुसरी, माईंनी रुग्ण येण्याची वाट पाहिली नाही. मुंढवा ते ससाणे मळा हे अंतर आजारी मुलाला चालून जाणे शक्य नव्हते, म्हणून त्या स्वतः गेल्या. दवाखाना असणे आणि दवाखाना आपल्यापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९१८: मुंबईचा तक्ता

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. मुंबईत ती जून १९१८ मध्ये आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची दुसरी, जास्त घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्याच वर्षी पाऊस कमी पडला होता आणि धान्य महाग झाले होते. अर्धपोटी माणसावर रोग येऊन पडला.

त्या साथीत मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची समाजवार नोंद केली. दर हजार माणसांमागे किती मेले, याचा तो तक्ता असा आहे:

युरोपियन: ८.३
पारशी: ९.०
सवर्ण हिंदू: १८.९
मुसलमान: १९.२
ज्यांना त्या तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले, ते: ६१.६

हा शेवटचा आकडा आपल्या आज्या-पणज्यांचा आहे. शहर एकच, समुद्राची हवा एकच, विषाणू एकच. तरी आपल्या माणसांच्या मृत्यूचे प्रमाण सवर्णांच्या तिपटीहून जास्त आणि युरोपियनांच्या सातपटीहून जास्त होते. त्या रोगावर तेव्हा कुणाकडेच खास औषध नव्हते, म्हणजे औषध मिळाले-न मिळाले हा फरक नव्हता. फरक खोलीचा होता, पोटाचा होता आणि आजारपणात अंथरुणावर पडून राहण्याची मुभा होती की नव्हती याचा होता. ज्याला तापातही मजुरीला जावे लागते, घरात ज्याला पाणी द्यायला कुणी उरलेले नसते, त्याला साधा न्यूमोनियाही पुरतो.

२०२०: पुण्याने काय दाखवले

महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, ९ मार्च २०२० रोजी. दुसऱ्याच दिवशी सावित्रीमाईंचा स्मृतिदिन होता.

त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात एक पाहणी झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आणि महापालिका यांनी मिळून जास्त बाधा असलेल्या पाच प्रभागांतल्या १६६४ लोकांचे रक्त तपासले. हडपसर त्या पाचांत नव्हते, पण तिथल्या वस्त्या आपल्यासारख्याच आहेत. रोग होऊन गेला की रक्तात त्याच्याशी लढणारे घटक राहतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती सापडली म्हणजे विषाणू त्या माणसापर्यंत पोचला होता. एकूण ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. लोहियानगर-कासेवाडी भागात ती ६५.४ टक्के लोकांत होती. आणि एक आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा: सामायिक शौचालय वापरणाऱ्यांपैकी ६२.३ टक्के लोकांना बाधा होऊन गेली होती, स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांपैकी ४५.३ टक्के. मुंबईत त्याच सुमारास तीन वॉर्डांत अशीच पाहणी झाली. तिथे झोपडपट्टीत हे प्रमाण ५७ टक्के होते, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के.

विचार करा. सरकार सांगत होते, घरात राहा, सहा फुटांचे अंतर ठेवा, वीस सेकंद हात धुवा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील तर सहा फूट कुठून आणायचे? सकाळी शौचालयाच्या रांगेत पंचवीस जण उभे असतील तर घरात कसे राहायचे? नळाला तासभर पाणी येत असेल तर वीस सेकंद मोजून हात कोण धुणार? बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो माणुसकीच्या हक्कासाठी. तोच हक्क आरोग्याचाही आहे. पाणी, शौचालय आणि हवा यांना आम्ही परिचारिका औषधाच्या आधीचे औषध मानतो.

हडपसरचे आणखी एक विशेष. कोविशिल्ड लस आपल्याच परिसरात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. १२ जानेवारी २०२१ रोजी लशीच्या पहिल्या पेट्या तिथून देशभर निघाल्या. पण १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, तेव्हा आधी मोबाइलवर नोंदणी करणे सक्तीचे होते आणि ते संकेतस्थळ सुरुवातीला इंग्रजीत होते. ज्याच्याकडे चांगला फोन आणि वेगवान बोट, त्याची जागा पक्की. कारखान्याच्या गाड्या ज्यांच्या दारावरून गेल्या, त्या वस्तीतल्या बायका आम्हाला विचारत, "ताई, आपला नंबर कधी लागंल?" शहराच्या दुसऱ्या टोकाचे लोक मोटारीने येऊन आपल्या भागातल्या केंद्रावर लस घेऊन जात होते. लस जवळ असणे आणि लस मिळणे यांतही मुंढव्यापासून ससाणे मळ्याएवढे अंतर होते.

असे का होते? परिचारिकेच्या नजरेतून

कुणी म्हणते, वस्तीतले लोक अस्वच्छ असतात म्हणून. कुणी म्हणते, ते ऐकत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षे वॉर्डात आणि वस्तीत काम केले आहे. आमच्या मते खरी कारणे ही आहेत.

पहिले कारण, संसर्गाची मात्रा. कोंदट खोलीत, एकाच हवेत, रात्रभर रुग्णाजवळ झोपणाऱ्याच्या शरीरात जास्त विषाणू जाण्याची शक्यता असते. खिडकी नसणे हा गरिबाचा दोष नाही, पण त्याची किंमत तोच मोजतो.

दुसरे कारण, काम. साथीत शहर बंद असते तेव्हाही कचरा उचलावा लागतो, गटारे साफ करावी लागतात, इस्पितळातला मैला काढावा लागतो, मृतदेह बांधावे लागतात. ही कामे कोणत्या समाजाच्या वाट्याला आली आहेत ते आपल्याला कुणी सांगायला नको. पुण्यात घरोघरचा कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बाया दलित आहेत. लोकांनी वापरून फेकलेले मास्क त्यांनी हाताने वेगळे केले. घरून काम करण्याची सोय त्यांना नव्हती.

तिसरे कारण, आधीचे आजार. साखर, रक्तदाब, दमा, क्षयरोग, रक्तक्षय. कोविडने अशाच शरीरांना जास्त धरले. वस्तीत हे आजार असतात आणि पुष्कळदा माहीतही नसतात, कारण तपासणीला गेले तर दिवसाची मजुरी बुडते. सरकारी दवाखान्याची वेळ आणि मजुराच्या कामाची वेळ एकच असते.

चौथे कारण, उशीर. एका खासगी रुग्णालयाच्या दारात अनामत रक्कम भरायला सांगितल्यावर रुग्ण परत आणलेली कुटुंबे आम्ही पाहिली. पैसे उसने मिळेपर्यंत दोन दिवस जातात. कोविडमध्ये ऑक्सिजन उतरायला दोन दिवस फार झाले.

पाचवे कारण, अपमानाची भीती. वस्तीवर पत्रे ठोकले, धुणीभांडी करणाऱ्या बाईला सोसायटीच्या फाटकावर अडवले, वस्तीचे नाव ऐकून लोक मागे सरकले. शिवाशिवीची जुनी सवय साथीच्या नावाखाली परत आली. मग माणूस खोकला दाबून ठेवतो आणि नाव सांगत नाही. १८९७ मध्ये लोकांनी रुग्ण लपवले, त्याच कारणाने.

या पाचांत रक्ताचा किंवा जन्माचा दोष कुठेच नाही. इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे सरकारी सांख्यिकी खात्याने मे २०२० मध्ये वंशवार हिशेब मांडला. वय सारखे धरले तर कृष्णवर्णीय पुरुषाला कोविडने मृत्यू येण्याची शक्यता गोऱ्या पुरुषाच्या ४.२ पट होती. मग त्यांनी घर, उत्पन्न, शिक्षण, आधीची प्रकृती यांचाही हिशेब घातला. तेव्हा तोच आकडा १.९ पटीवर आला. म्हणजे तफावतीचा मोठा भाग राहणीमानातून आला होता. राहणीमान माणसाने बनवलेले असते, म्हणून ते माणसाला बदलताही येते.

मोजले नाही तर दिसत नाही

आता मुख्य मुद्दा. १९१८ चा ६१.६ हा आकडा आपल्याला आज माहीत आहे, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला. इंग्लंडचा ४.२ माहीत आहे, कारण त्यांनी मोजला. आपल्याकडे कोविडच्या रोजच्या सरकारी आकड्यांत वय होते, लिंग होते, जिल्हा होता. जात नव्हती, धर्म नव्हता, वस्ती की सोसायटी हे नव्हते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार पासष्ट लाख बौद्ध आहेत. त्यांतले किती कोविडने गेले, हे कुठल्याही सरकारी कागदावर सापडणार नाही.

जे मोजले जात नाही त्याच्यासाठी निधी मिळत नाही. जिथे आकडा नाही तिथे अधिकारी विचारतो, "पुरावा काय?" बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रत्येक मागणी आकड्यांनिशी मांडली, हे आपण विसरू नये. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. ती होईल तेव्हा आपण घरी थांबून धर्म 'बौद्ध' असे स्वच्छ सांगायचे, जातीचा रकानाही समजून भरायचा आणि मोजणी करणाऱ्याने काय लिहिले ते पाहायचे. पण सरकारी मोजणीची वाट पाहत बसायचे नाही. आपली मोजणी आपण करायची.

वस्तीने आतापासून काय करावे

१. आरोग्य वही. विहारात एक वही ठेवा. घरटी एक पान: माणसे किती, वये काय, कुणाला साखर, रक्तदाब, दमा, कोण गरोदर, कोणती लस झाली, कोण गेले आणि कशाने. वही दोन विश्वासू महिलांच्या ताब्यात असावी आणि दर तीन महिन्यांनी ताजी करावी. ती चारचौघांत वाचायची नाही. ज्या आजाराने माणसाची बदनामी होते तो त्याच्या संमतीशिवाय लिहायचा नाही.

२. तीन साधने. वर्गणीतून थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. बोट गरम व कोरडे असावे, नखाला रंग नसावा. ताप-खोकल्याच्या रुग्णाचा ऑक्सिजन ९४ पेक्षा खाली गेला तर घरी थांबू नका. आकडा चांगला असेल आणि रुग्णाला बसल्या जागी दम लागत नसेल, तर सोबत कुणीतरी राहून त्याला सहा मिनिटे घरातच चालवा. चालल्यावर आकडा तीनने उतरला किंवा दम लागला, तरी रुग्णालयात न्या.

३. हवा. घरात एक जण आजारी असेल तर त्याला दाराजवळ किंवा खिडकीजवळ झोपवा, बाकीच्यांनी पाय त्याच्याकडे करून झोपावे. मास्क दोघांनीही लावावा. सामायिक शौचालयात जाताना मास्क, आल्यावर साबण. रुग्णाचे ताट वेगळे ठेवा, पण माणूस वेगळा पाडू नका.

४. कागदांची पिशवी. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, कामगार विमा क्रमांक, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, सगळे एका पिशवीत. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कामगार विमा लागू होतो. ठेकेदाराकडच्या कामगारांनी आपला क्रमांक मागून घ्यावा. या विम्याचा पाया बाबासाहेब मजूरमंत्री असताना घातला गेला.

५. योजनांची नावे पाठ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. दारात अनामत मागितली तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटा आणि नकार लेखी मागा.

६. मृत्यूची नोंद. २१ दिवसांत करा. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळण्याची तरतूद २०२३ च्या कायदा दुरुस्तीने झाली आहे, ती मागून घ्या. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले, पण कागदावर कारण नीट नसलेल्या घरांना फार खेटे घालावे लागले. दुःखाच्या दिवशी घरच्यांना हे सुचत नाही. म्हणून ही जबाबदारी मंडळाच्या एका कार्यकर्त्याने घ्यावी.

७. चालू साथ विसरू नका. क्षयरोग ही आपल्या वस्तीतली न संपलेली साथ आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी व औषध मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात.

८. लेखी मागणी. वस्तीत किती माणसांमागे एक शौचालय, पाणी किती वेळ, जवळचा दवाखाना संध्याकाळी उघडा असतो का, ही माहिती माहिती अधिकारात १० रुपयांचा तिकीट लावून मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर आणि आपली वही शेजारी ठेवा. मग मागणी करा: शौचालये वाढवा, सायंकाळचा दवाखाना सुरू करा, साथ आली तर लस आणि तपासणी वस्तीत आणा.

धम्म काय सांगतो

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले, अंथरुणावर निजवले. मग भिक्खूसंघाला बोलावून बजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार. आणि रुग्णाची सेवा तीच माझी सेवा.

त्या प्रसंगात तथागतांनी उपदेशाच्या आधी पाण्याचे भांडे उचलले आणि नंतर संघाला नियम घालून दिला. करुणा आणि व्यवस्था दोन्ही. सावित्रीमाईंनी पाठीवर मूल घेतले, तसाच दवाखानाही उभा केला. आपल्यालाही दोन्ही करायचे आहे. शेजारच्या आजारी माणसाच्या दारात जायचे आहे आणि त्याचे नाव वहीतही लिहायचे आहे.

येत्या रविवारी वंदना झाली की विहारातच अर्धा तास बसा. वही आणा, दोन महिला निवडा, पहिल्या दहा घरांची पाने भरा. पुढची साथ केव्हा येईल ते कुणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या वस्तीत कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाची इन्सुलिन संपत आली आहे आणि कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, हे आपल्याला तोंडपाठ असले पाहिजे.

नमो बुद्धाय. जय भीम. जय सावित्री.